मोठा प्रश्न, छोटं तळं

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो. "पुढे काय करणार?" पूर्वी या प्रश्नाची उत्तरंही ठरलेली असायची. डॉक्टर, इंजिनियर, सी.ए., फार तर वकील. जबलपूरसारख्या शहरात त्यात आणखी दोन-तीन नावांची भर पडे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, व्हेईकल फॅक्टरी किंवा रेल्वे. तिथल्या कित्येक मराठी घरांतल्या चुली याच नोकऱ्यांवर पेटल्या. आज मात्र त्याच घरातली मुलगी जेवणाच्या ताटावर सांगते, "मला ॲनिमेशन करायचंय."

इथपर्यंत आईबाबा सावरतात. ॲनिमेशन म्हणजे कार्टून, कार्टून म्हणजे टीव्ही, टीव्ही म्हणजे नोकरी, अशी साखळी ते मनात जुळवून घेतात. खरा घोटाळा पुढच्या वाक्याला होतो. मुलगी म्हणते, "मला छोट्या फिल्म बनवायच्यात. पाण्यावर, प्लॅस्टिकवर, युद्धावर. जगाला जागं करायचंय." मग आजोबा चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "जगाला जागं करायला तुला कोणी सांगितलंय? आधी स्वतः सकाळी सातला ऊठ!"

वाचकहो, आजोबांचा टोमणा बाजूला ठेवा, पण त्यांचा प्रश्न बाजूला ठेवू नका. अठरा-वीस वर्षांच्या पोराने दोन-तीन मिनिटांची कार्टून फिल्म केली, तर जगाच्या प्रश्नाला तिचा काय उपयोग? मुलांनाही तो प्रश्न टाळता येत नाही. कारण उत्साहाच्या भरात अशा फिल्म पुष्कळ होतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकसारख्या असतात. काळी पडलेली पृथ्वी, तिच्या डोळ्यांतून ओघळणारा अश्रू आणि शेवटी 'पृथ्वी वाचवा' अशी पाटी. बघणारा मान डोलावतो आणि पुढची फिल्म लावतो. असं का होतं आणि काय केलं तर होणार नाही, याचं उत्तर सुमारे नव्वद वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या गोष्टीत सापडतं.

एका विद्यार्थ्याचा राग

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या कलाशाळेत नॉर्मन मॅक्लेरन नावाचा तरुण शिकत होता. पहिल्या महायुद्धाच्या जखमा पुरत्या भरल्या नव्हत्या आणि युरोप दुसऱ्या युद्धाकडे निघाला होता. तोफा-बंदुका विकणाऱ्यांच्या तिजोऱ्या भरत होत्या. मॅक्लेरन संतापला आणि हेलन बिगर या शिल्पकार मैत्रिणीला बरोबर घेऊन त्याने १९३६ साली 'हेल अनलिमिटेड' ही फिल्म केली. तिच्यात नकाशे होते, आकडे होते, बाहुल्या होत्या, खऱ्या युद्धाची दृश्यं होती. शेवटी प्रेक्षकाने काय करावं याचे आदेशही होते. आपल्या खासदाराला पत्र लिहा, निदर्शनं करा.

प्रामाणिकपणात ही फिल्म कुठेच कमी नव्हती. त्याच वर्षी हा तरुण स्पेनच्या यादवी युद्धात कॅमेरा घेऊन माद्रिदला गेला आणि युद्ध डोळ्यांनी पाहून आला. पण आज ती फिल्म मुख्यतः अभ्यासकांनाच ठाऊक आहे. त्याची जी फिल्म जगाच्या लक्षात राहिली, ती त्याने सोळा वर्षांनी केली.

मधल्या काळात तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेला. १९४९ साली युनेस्कोने त्याला चीनमध्ये पाठवलं. काम काय, तर खेड्यातल्या लोकांना लस टोचून घेणं, स्वच्छता राखणं अशा गोष्टी चित्रांतून कशा सांगाव्यात, हे तिथल्या चित्रकारांना शिकवायचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच कामासाठी तो भारतातही येऊन गेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशी चित्रांतून बोलायचं, म्हणजे आपलं म्हणणं किती साधं करावं लागतं, हे त्याला या कामात उमगलं असणार. चीनमधून तो परतला आणि कोरियात युद्ध पेटलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर काम केलं, तेच आता शत्रुपक्षाचे ठरले होते.

मग १९५२ साली त्याने 'नेबर्स' म्हणजे 'शेजारी' ही आठ मिनिटांची फिल्म केली. दोन शेजारी आरामखुर्च्यांत बसून वर्तमानपत्र वाचताहेत. दोघांच्या घरांच्या मधोमध एक फूल उगवतं. दोघेही त्याच्या वासाने खूश होतात. मग प्रश्न येतो, फूल कोणाचं? कुंपण घातलं जातं. धक्काबुक्की होते. मग मारामारी, मग घरं मोडतात, बायकापोरं मरतात, शेवटी दोघेही मरतात. फुलाचा तर केव्हाच चुराडा झालेला असतो.

या फिल्ममध्ये खरी माणसं आहेत, पण एकेक चौकट वेगळी टिपून त्यांना बाहुल्यांसारखं हलवलं आहे. तिच्यात एकही आकडा नाही, नकाशा नाही, देशाचं नाव नाही. तिला ऑस्कर मिळालं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की बांधावरून भावाभावांत झालेली भांडणं ज्याने पाहिली आहेत, त्या आपल्याकडच्या माणसालाही ती एका दमात कळते.

राग तोच, माणूस तोच, विषय तोच. बदललं एवढंच, की त्याने जगाचा प्रश्न दोन दारांमधल्या एका फुलावर आणून ठेवला.

आंबा, मणी आणि जाळं

हीच युक्ती आपल्याकडच्या जाणत्यांनीही वापरली आहे. ज्यांचं बालपण दूरदर्शनच्या काळात गेलं, त्यांना 'एक अनेक और एकता' आठवत असेल. १९७४ सालची ही छोटी फिल्म विजया मुळे यांची. ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि त्यातला लहान मुलीचा आवाज पुढे गायिका म्हणून नावारूपाला आलेल्या साधना सरगम यांचा. विषय केवढा, तर राष्ट्रीय एकात्मता! त्या विषयावरची भाषणं ऐकून किती जणांना झोप लागली असेल याची गणतीच नको. पण विजयाबाईंनी तो विषय पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या पाखरांच्या थव्यावर आणून ठेवला. एकटं पाखरू उडू शकत नाही, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात. पाच वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

इशू पटेल हे गुजरातमधल्या खेड्यातून आलेले, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत म्हणजे एन.आय.डी.त घडलेले चित्रकार. कॅनडात त्यांनी १९७७ साली 'बीड गेम' केली. इन्युइट बायकांच्या मणीकामावरून त्यांना ती सुचली. हजारो रंगीत मणी सरकतात, त्यांतून जीव तयार होतात, एक जीव दुसऱ्याला गिळतो, माणूस येतो, हत्यारं येतात आणि खेळ अणूपर्यंत पोचतो. साडेपाच-सहा मिनिटांत हिंसेचा सगळा इतिहास, तोही साध्या मण्यांनी सांगितलेला. या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं.

आणि मीना! १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही व्यक्तिरेखा उभी केली आणि राम मोहन यांनी तिला रूप दिलं. मुलगा-मुलगी भेद हा विषय. त्यावर 'आंब्याची वाटणी' ही गोष्ट आली. भाऊ राजूला आंब्याचा मोठा वाटा मिळतो, कारण तो मुलगा. मीना विचारते, काम तर मीही करते. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि राजूचा घामटा निघतो. दुसऱ्या एका गोष्टीत शाळेत न जाणारी मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. त्या आकड्यांमुळेच एक कोंबडी कमी झाल्याचं तिला कळतं आणि चोर सापडतो. मुलीला शिकवून काय मिळणार, असं विचारणाऱ्या बापाला याहून रोकडं उत्तर कुठलं?

या मीनामागे बरीच मेहनत होती. अनेक गावांत जाऊन हजारो मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवली गेली. तिचा पोशाख असा ठरवला, की ती भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ यांपैकी कुठल्याही देशातली वाटावी. लोकांना विचारून, त्यांची नापसंती ऐकून, खोडून पुन्हा काढलेली अशी ती मुलगी आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांत 'मीना राजू मंच' या नावाने ती आजही नांदते आहे.

जबलपूरचं 'फूल' कुठलं?

आता आपल्या त्या ताटावरच्या मुलीकडे येऊ. जगाचा पाणीप्रश्न मांडायला तिने कुठून सुरुवात करावी? आफ्रिकेतल्या भेगाळलेल्या जमिनीचं चित्र इंटरनेटवर मिळतं, पण ते तिने पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा तिने आपल्या शहरातल्या टेंपोवर लिहिलेल्या पाट्या वाचाव्यात. अधारताल, राणीताल, चेरीताल, हनुमानताल. जबलपूरला जुनी माणसं बावन्न तालांचं शहर म्हणतात. ताल म्हणजे तळं. गोंड राजांनी आणि त्यांच्याही आधीच्या कलचुरींनी या खडकाळ भागात पाणी अडवून तळ्यांची मालिका उभी केली, असं सांगतात.

त्यातल्या तीन तळ्यांची लोककथा तर आयती पटकथाच आहे. राणीताल बांधलं राणी दुर्गावतीने, जी १५६४ साली मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. अधारताल तिच्या दिवाणाचं, अधारसिंहांचं. आणि चेरीताल राणीच्या दासीचं. चेरी म्हणजे दासी. राणीने तळं बांधलं, दिवाणाने बांधलं, मग दासी तरी मागे का राहील? ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते अभ्यासक ठरवतील. पण पाणी साठवणं हे केवळ राजाचं काम नव्हे, ते दासीचंही काम आहे, ही समज तिच्यात आहे.

आज काय उरलंय? अधारताल आणि हनुमानतालात पाणी आहे. राणीतालात क्रीडासंकुल उभं आहे. चेरीताल ही आता वस्ती आहे. पत्ता सांगताना लोक रोज 'ताल' म्हणतात आणि त्या शब्दात पाणी होतं हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही गोष्ट एकट्या जबलपूरची असती, तर तिच्यावर फिल्म करून जगाला काय मिळालं असतं? पण बेंगळुरूचं मुख्य बसस्थानक जिथं आहे, तिथंही एके काळी तळं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये नळ कोरडे पडण्याचा दिवस मोजला जात होता, २०१९ साली चेन्नईत टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. चेरीतालच्या दासीची गोष्ट या सगळ्या शहरांना कळेल. मॅक्लेरनला सापडलेलं फूल ते हेच.

दुसऱ्याची लेखणी उचलताना

जबलपूरच्या मुलांना आणखी एक ठेवा जवळच आहे. तिथून पूर्वेला दिंडोरी जिल्ह्यात पाटणगढ हे गाव आहे. जनगढसिंह श्याम या परधान गोंड चित्रकाराचं हे गाव. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून त्यांची चित्रं जगापुढे आली आणि ठिपक्या-रेघांनी अंग भरलेल्या प्राणी-झाडांची ती शैली 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच परंपरेतल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ साली 'भीमायन' हे डॉ. आंबेडकरांवरचं चित्रपुस्तक रेखाटलं. त्याची सुरुवातच पाण्यापासून होते. शाळेत तहानलेला लहानगा भीम आणि पुढे महाडचं चवदार तळं. तळ्याकाठी माणसाचा हक्क कसा ठरतो, हे गोंड रेषांनी महाराष्ट्राला पुन्हा सांगितलं.

साहजिकच एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, आपली फिल्म गोंड शैलीत करावी. जरूर करावी, पण ती शैली इंटरनेटवरून उचलू नये. ज्यांची कला त्यांना विचारावं, त्यांना सोबत घ्यावं, त्यांचं नाव द्यावं आणि त्यांचं मोलही द्यावं. नीना सबनानी यांचं काम या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. १९८४ साली त्यांनी हुंड्याच्या प्रश्नावर मधुबनी चित्रांच्या धाटणीत 'शुभ विवाह' केली. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवत असताना मध्य प्रदेशातले भिल्ल चित्रकार शेरसिंह यांच्यासह 'हम चित्र बनाते हैं' ही फिल्म केली. पाऊस पडेना तेव्हा भिंतींवर चित्रं काढा असं भिल्लांना सांगण्यात आलं, चित्रं काढली आणि पाऊस आला, अशी तिची कथा. २०१६ सालच्या चित्रपटांमधून तिला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या फिल्ममध्ये भिल्ल चित्रकार आपली गोष्ट आपणच सांगतो.

वीस चित्रं रोज

आता जरा हिशेबाकडे वळू, कारण घरातल्या मोठ्यांना तो लागतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात. म्हणजे सेकंदाला बारा चित्रं, मिनिटाला सातशेवीस. तीन मिनिटांच्या फिल्मला दोन हजारांच्या वर चित्रं झाली. रोज वीस काढली, तर साडेतीन महिने. त्यामुळे पहिली फिल्म दीड मिनिटाचीच असावी. चित्रं एक हजार ऐंशी, दिवस चोपन्न. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत बसण्यासारखं हे काम आहे.

चित्रकला जेमतेम असेल तरी अडत नाही. कागदाची कात्रणं सरकवता येतात, माती, वाळू, कडधान्यं, बटणं हलवता येतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. त्याही आधी, 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करताना, त्यांनी कुंडीत बी पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते रोप क्षणात वर आलं आणि भांडवल द्यायला माणूस तयार झाला. या सगळ्या खटाटोपात सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तुमच्या मुलीसाठी मात्र दागिने गहाण टाकायची वेळ येणार नाही. एक मोबाईल, तो न हलता धरणारी तिवई, खिडकीतला किंवा टेबल-लॅम्पचा उजेड, एवढ्यावर सुरुवात होते. घरात कॉम्प्युटर असेल तर ब्लेंडर, क्रिता, पेन्सिल टू-डी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२५ साली ज्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरवरच केलेला आहे. महापुरात सापडलेलं एक मांजर आणि त्याचे सोबती अशी त्याची गोष्ट. अख्ख्या चित्रपटात एकही संवाद नाही, त्यामुळे भाषांतराची अडचणच आली नाही.

आपल्याकडेही २०२० साली एन.आय.डी.तून बाहेर पडलेल्या उपमन्यू भट्टाचार्य आणि कल्प संघवी या तरुणांनी 'वेड' ही फिल्म केली. समुद्र चढून पाण्यात गेलेलं कोलकाता आणि त्या गुडघाभर पाण्यातून फिरणारे वाघ. फ्रान्समधल्या आनसी इथल्या मोठ्या ॲनिमेशन महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं. तापमानवाढीचा प्रश्न त्यांनी मांडला तो स्वतःच्या शहरातल्या गल्ल्यांवर.

हल्ली कोणी म्हणेल, एवढी चित्रं काढायचीत कशाला? कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं तरी तो तळं काढून देतो. देतो खरा. पण ते कुठलंतरी तळं असतं. चेरीतालचा घाट कुठल्या बाजूला होता, बायका कुठून उतरत, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकूंना. त्यांच्याकडे जाऊन बसावं लागतं, जुना नकाशा शोधावा लागतो, ऐकलेली गोष्ट दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी लागते. लोकांना जागं करायला निघालेल्याने चुकीची माहिती दिली, तर त्याच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

फिल्म संपली, पुढे काय?

फिल्म तयार झाली की मुलं ती इंटरनेटवर टाकतात आणि किती जणांनी पाहिली ते मोजत बसतात. त्यात गैर काही नाही. पण आकडा वाढला म्हणजे माणूस बदलला, असं होत नाही. मीनाच्या निर्मात्यांनी केलं तसं करून बघावं. अर्धवट असतानाच फिल्म दहा जणांना दाखवावी. त्यांत दोन लहान मुलं, दोन म्हातारी माणसं आणि रोज पाणी भरणारी एखादी बाई असावी. दाखवून झाल्यावर "आवडली का?" असं विचारू नये, कारण सगळे "छान" म्हणतात. "गोष्ट काय होती ते सांगा" असं म्हणावं. ती जिथं त्यांना सांगता येत नाही, तिथं फिल्म फसली.

मग ती गणेशोत्सवाच्या मंडळात दाखवावी, शाळेत दाखवावी, वॉर्डाच्या बैठकीत दाखवावी आणि दिवे लागल्यावर कोणीतरी उभं राहून एकच छोटी गोष्ट मागावी. या वर्षी हनुमानतालात निर्माल्य टाकायचं नाही. आपल्या इमारतीच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं. प्रेक्षकाला घाबरवून घरी पाठवलं, की तो दुसऱ्या दिवशी सगळं विसरतो. हातात झेपेल असं काम दिलं, तर निदान काही जण ते करतात.

पोटापाण्याचंही स्पष्ट बोलायला हवं. सामाजिक विषयावरच्या छोट्या फिल्मवर संसार चालणं कठीण. ॲनिमेशन शिकलेली बहुतेक मुलं जाहिराती, मालिका, व्हिडिओ गेम, शैक्षणिक साहित्य यांत काम करतात आणि आपल्या मनातली फिल्म त्या कमाईवर, रात्री जागून करतात. शिक्षणाची दारं मात्र पूर्वीपेक्षा जवळ आली आहेत. अहमदाबादच्या एन.आय.डी.सारखीच संस्था २०१९ पासून भोपाळलाही आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त डिझाइनचं शिक्षण मिळतं. आणि खुद्द जबलपूरला, डुमना भागात, २००५ साली सुरू झालेली ट्रिपल आय.टी.डी.एम. ही केंद्रीय संस्था आहे. तिथं डिझाइनची पदवी घेता येते आणि त्यासाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. या परीक्षांत नुसती चित्रकला बघत नाहीत, विचार करण्याची आणि निरीक्षणाची रीत बघतात. घरी केलेली दीड मिनिटाची पुरी फिल्म त्या तयारीत दहा अर्धवट फिल्मपेक्षा अधिक शिकवून जाते.

म्हणून आईबाबांना सुचवावंसं वाटतं ते असं. मुलीला परवानगी देण्याआधी किंवा नाकारण्याआधी तिला एक सुट्टी द्या आणि एक तळं द्या. चोपन्न दिवस रोज वीस चित्रं काढून ती पुरी करते का ते बघा. पुरी केली, तर तिला नाद आहे की नुसती हौस, हे तुम्हालाही कळेल आणि तिलाही. मध्येच सोडली, तरी आपल्या वस्तीचं नाव तळ्यावरून पडलंय एवढं घरात सगळ्यांना कळलेलं असेल. आणि आजोबा, तुमच्याकडेही एक काम आहे. ती वही घेऊन शेजारी येऊन बसली आणि "इथं पाणी कुठपर्यंत होतं हो?" असं तिने विचारलं, तर टोमणा मारू नका. आठवत असेल तेवढं सगळं सांगा, बोटाने दाखवा, जमलं तर काठी घेऊन तिच्याबरोबर त्या जागेपर्यंत चालत जा.